एक घर मागे

कॉम्प्युटरच्या पडद्यावर आप्पांची रचना होती आणि तिच्याखाली भलत्याच माणसाचं नाव होतं.

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. आप्पांच्या रचनेत पांढरा राजा पटाच्या डाव्या बाजूला होता, इथे तो उजवीकडे होता. आरशात बघावी तशी सगळी मांडणी उलटी होती आणि एक प्यादं कमी, एवढाच काय तो फरक. बाकी तीच प्यादी, तोच काळा उंट आणि शेवटी तीच ती चाल, जिच्यासाठी आप्पांनी रात्रंदिवस डोकं शिणवलं होतं. खाली लिहिलं होतं, एमिल ताम्मे, एस्टोनिया, १९३७. आप्पांचा जन्म एक्केचाळीसचा.

"त्रिशला, ह्यांचा कोट इस्त्रीला दिलास काय गं?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. "परवा घालायचाय त्यांना."

"दिलाय, आई," मी म्हटलं आणि पडद्यावरचं ते पान घाईघाईने बंद केलं. जसं काही ते कुणी बघितलं असतं तर कुणाला काही कळणारच होतं!

याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. तो कॉम्प्युटर भंगारात गेला, आप्पाही गेले. तरी अजून कुठे चार-पाच मोहरे मांडलेला पट दिसला की मला इचलकरंजीचं आमचं घर आठवतं. पलीकडच्या गल्लीतल्या मागांची खडखड ऐकू येते आणि खुर्ची ओढत आप्पा येताहेत असं वाटतं.

आप्पा म्हणजे माझे सासरे, डॉक्टर बाळगोंडा मगदूम. डॉक्टर जनावरांचे. सगळी नोकरी आसपासच्या गावांतल्या गाई-म्हशींमध्ये गेली. म्हैस अडली की गोठ्यात तासन्‌तास थांबावं लागायचं, तेव्हा ते खिशातून छोटा पट काढायचे. त्याला भोकं होती आणि मोहऱ्यांना खाली खुंट्या, म्हणजे म्हशीने लाथ मारली तरी डाव मोडायचा नाही. पण आप्पा बुद्धिबळ खेळत मात्र नसत. त्यांना कुणाला हरवायचंच नव्हतं. ते डावांचे शेवट बनवायचे. पटावर मोजके मोहरे, पांढऱ्याची चाल, पांढऱ्याने जिंकायचं आणि जिंकायची वाट एकच. दुसरी वाट निघाली की रचना बाद.

हे ऐकायला बरं वाटतं, पण गावात याचं कुणाला कौतुक असणार? गावच्या बुद्धिबळ मंडळाचे अध्यक्ष तोडकर, कापडाचे व्यापारी, दिसले की म्हणायचे, "डॉक्टर, एक डाव टाकू की!" आप्पा म्हणायचे, "डाव नको, हे बनवलंय ते जरा बघा." तोडकर एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, "असला शेवट कुणाच्या डावात येतोय मर्दा!" की झालं. सासूबाई तर त्याला बाहुल्याच म्हणायच्या. "बसलेत बाहुल्या मांडून," असं दारात आलेल्या माणसाला सांगायच्या.

मी लग्न होऊन फलटणहून आले तेव्हा माझा नवरा, अभिनंदन, मागांचे सुटे भाग विकत आठवडाभर कर्नाटकात फिरत असायचा. सकाळी मी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची आणि दुपार खायला उठायची. एका दुपारी मी कंटाळून आप्पांसमोर जाऊन बसले.

"येतं काय तुला?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"घोडा अडीच घरं चालतो एवढं येतं."

"मग झालं की," आप्पा म्हणाले आणि पट माझ्याकडे वळवला.

त्या वर्षी घरात इंटरनेट आलं. डावांचे शेवट कसे रचावेत, असं मी सहज शोधून बघितलं. काही सापडेल अशी आशा नव्हती. आणि बघते तर काय, आप्पांसारख्या खुळ्यांचं अख्खं गाव तिथे वसलेलं! कुणा निवृत्त मास्तरांनी लिहिलेले धडे होते, तेही फुकट. एका ठिकाणी देशोदेशीचे लोक आपापल्या रचना मांडत होते आणि बाकीचे त्यातली भोकं शोधत होते. आजवर छापून आलेल्या रचनांचा प्रचंड मोठा संग्रह होता. आणि एक असा प्रोग्राम होता की त्याला थोडेच मोहरे असलेली मांडणी दिली की कोण जिंकणार ते तो क्षणात सांगायचा, त्यापुढे वादच नाही.

आप्पा आपली खुर्ची उचलून घेऊन आले. पहिला धडा त्यांनी पडद्याला नाक लावून वाचला. त्यात लिहिलं होतं की रचना शेवटापासून बनवायची. आधी शेवटची सुंदर चाल ठरवायची आणि मग एकेक पाऊल मागे येत सुरुवात शोधायची. आप्पांनी आयुष्यभर उलटं केलं होतं. आधी मोहरे मांडायचे आणि त्यातून काही निघतंय का ते शोधत बसायचे.

"बंद कर ते," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "चाळीस वर्षं, पोरी! वासरू शेपटीकडनं यायलंय हे लांबनं ओळखायचो मी, आणि हे नाही कळलं?"

दोन-तीन दिवस ते कॉम्प्युटरकडे फिरकले नाहीत. मग एका दुपारी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "दुसरा धडा काढ."

तिथून आमचं सुरू झालं. मी टाइप करायची, ते सांगायचे. त्या प्रोग्रामचं नाव त्यांनी खवीस ठेवलं होतं. रचना तयार झाली की विचारायचे, "खवीस काय म्हणतोय?" बहुतेक वेळा खवीस दुसरी वाट दाखवायचा आणि महिनाभराची मेहनत पाण्यात जायची. आप्पा म्हणायचे, "खाल्लं खविसानं," आणि मोहरे गोळा करायचे. मला त्या दुपारी फार आवडायच्या. माहेरची आठवण यायची बंद झाली ती त्याच दिवसांत.

मग त्यांनी ती रचना केली. तिच्यात पांढरा राजा आपल्या प्याद्याच्या मदतीला पुढे जाईल असं कुणालाही वाटतं. पण गेला की फसलाच. काळा उंट आपणहून मरायला येतो, त्याला मारावंच लागतं आणि मारला की काळ्याला एकही चाल उरत नाही. शह नसताना चाल उरली नाही की डाव बरोबरीत. खरी चाल वेगळीच होती. राजा एक घर मागे घ्यायचा. तेवढ्याने उंट मेल्यावरही काळ्या राजाला हलायला एक घर उरतं, त्याला हलावंच लागतं, आणि हलला की तो हरतो. पहिल्यांदा ती चाल बघितली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

खविसाला आम्ही एकेक चाल देऊन बघितली, पण दुसरी वाट काही निघाली नाही. तेव्हाच्या संग्रहातही तशी रचना नव्हती. मी म्हटलं, "आप्पा, ही स्पर्धेला पाठवायची. एका परदेशी मासिकाची आहे."

"कशाला? बनली की. झालं."

"मी पाठवणार."

"नको म्हटलं न्हवं?"

मी पंधरा दिवस पिच्छा सोडला नाही. शेवटी ते म्हणाले, "पाठव जा! डोकं खाऊ नकोस." आणि त्या रचनेला दुसरं बक्षीस मिळालं.

इचलकरंजीच्या पेपरात फोटोसकट बातमी आली. तोडकर पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले आणि मंडळातर्फे जाहीर सत्कार ठरवून गेले. सासूबाईंनी निपाणीच्या त्यांच्या भावांना बोलावणं धाडलं. बाहुल्या हा शब्द त्या घरात परत ऐकू आला नाही.

आता तुम्हाला या लोकांची एक रीत सांगायला हवी. निकाल लागला तरी तो लगेच पक्का होत नाही. तीन महिने हरकतीची मुदत असते. या काळात जगातल्या कुणीही दुसरी वाट दाखवली, किंवा हीच रचना आधी कुणी केली होती असं दाखवलं, की बक्षीस रद्द. आमची मुदत सोमवारी संपत होती. सत्कार रविवारी होता. आणि शुक्रवारी मी, आप्पांची रचना आता संग्रहात कुठे बसेल ते बघावं म्हणून सहज शोधायला गेले. संग्रहात नुकतीच जुन्या मासिकांची भर पडली होती आणि आरशातल्या मांडण्याही शोधायची नवी सोय झाली होती. म्हणून तो एमिल ताम्मे हाती लागला.

"फलटणला कोण आजारी आहे काय गं?" सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. माझं तोंड बघूनच त्यांना काहीतरी कळलं होतं. मी सगळं सांगून टाकलं.

त्या पाटावर बसल्या. "म्हणजे ह्यांनी चोरलं असं म्हणणार लोक?"

"नाही हो आई, चोरलं कसं? आप्पांना त्याचं नावही माहीत नाही. पण बक्षीस जाईल."

"कुणी बघितलंय?"

"फक्त मी."

"आणि मुदत सोमवारी संपतीया?"

"हो."

"मग मंगळवारी सांग की ह्यांना," सासूबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं हे गाव हसत आलंय. मीपण हसले. आता पहिल्यांदा बोलवायलेत तर एक दिवस जाऊ दे की गं सरळ."

त्यांचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. मी मान डोलावली आणि खरंच ठरवलं की मंगळवारपर्यंत तोंड उघडायचं नाही.

पण शनिवारी सकाळी आप्पा खुर्ची घेऊन आले, शेजारी बसले आणि म्हणाले, "काय नवं आलंय तिकडं?" रोजच्यासारखंच. त्या माणसाला खोटी चाल दाखवायची नाही हे आमच्यात इतकं मुरलं होतं की माझी जीभच उचलेना. मी ते पान उघडलं आणि खुर्ची मागे घेतली.

आप्पांनी बघितलं. बोटाने पडद्यावर एकेक घर मोजलं.

"कागदावर काढून दे," ते म्हणाले.

मी प्रिंट काढून दिली. ती घेऊन ते आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

"राहिलं न्हाई व्हय पोटात?" सासूबाई माझ्यावर कडाडल्या. मी रडले.

आम्ही जैन, आमच्याकडे जेवणं सूर्य मावळायच्या आत उरकतात. त्या संध्याकाळी आप्पा ताटावर आलेच नाहीत, म्हणजे आता सकाळपर्यंत त्यांच्या पोटात पाणीसुद्धा जाणार नव्हतं. सासूबाईंनी दार वाजवलं तर आतून आवाज आला, "भूक न्हाई." एका म्हाताऱ्या माणसाच्या हातून त्याचं एकुलतं एक खेळणं मी काढून घेतलं, असं मला वाटत राहिलं. नवऱ्याला हुबळीला फोन लावला. तो म्हणाला, "तू आप्पांना ओळखत नाहीस." मग म्हणाला, "मीपण नाही ओळखत म्हणा."

रविवारी आप्पांनी दाढी केली, काही न खाताच इस्त्रीचा कोट घातला. जायचं की नाही हे विचारायची आमची कुणाची छाती झाली नाही. तो कागद घडी करून त्यांनी वरच्या खिशात ठेवला. आम्ही तिघं रिक्षात बसलो तेव्हा सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "काय करणार आहेत गं?" मला कुठे माहीत होतं?

मंडळाचा हॉल तोडकरांच्याच दुकानाच्या वर होता. निपाणीचे मामा पहिल्या रांगेत बसले होते. भाषणं झाली. ज्यांनी आप्पांच्या एकाही रचनेकडे कधी धड बघितलं नव्हतं, ते त्यांना इचलकरंजीचं भूषण म्हणाले. तोडकर शाल उलगडून पुढे आले तेव्हा आप्पांनी हात वर केला.

"आधी डाव बघा. मग शाल."

भिंतीवर मोठा चुंबकाचा पट लावलेला होता. आप्पांनी खिशातला कागद काढला आणि त्यावर बघत मोहरे लावले. पांढरा राजा त्यांनी उजव्या बाजूला लावला. मी सासूबाईंचा हात घट्ट धरला.

"पांढऱ्याची चाल. जिंकायचंय. सांगा."

"राजा पुढं घ्या की!" मागून कुणीतरी ओरडलं.

आप्पांनी राजा पुढे घेतला, काळा उंट मरायला आणला. "मारा आता." मारल्यावर काळ्याला चालच उरली नाही. "बरोबरी. पुढं?"

मग एकेक जण बोलायला लागला. प्यादं सरकवा, घोडा आणा, शह द्या. आप्पा प्रत्येकाची चाल लावायचे आणि ती का फसते ते दाखवायचे. लोक खुर्च्या पुढे ओढायला लागले. तोडकर शाल हातात धरून पटाजवळ कधी पोचले ते त्यांनाही कळलं नाही. शेवटी कुणाकडेच चाल उरली नाही तेव्हा आप्पांनी राजा एक घर मागे घेतला. तोडकरांनी दोन बोटांनी घरं मोजली आणि त्यांच्या तोंडून निघालं, "आयला! डॉक्टर, हे तुम्ही केलंय?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "हे एमिल ताम्मे म्हणून एक होता, त्यानं केलंय. सदतीस साली. मी जन्माला यायच्या आधी. मी केली ती हीच, डावी-उजवी बदललेली. मला काल सकाळपर्यंत ठाऊक न्हवतं."

मामा सासूबाईंकडे बघायला लागले.

"आमच्यात एक रीत आहे," आप्पा म्हणाले. "हरकत घ्यायला मुदत असते. ती उद्या संपतीया. जगातल्या कुणी हरकत घेतली न्हाई. म्हणून माझ्यावर मीच घेतो. उद्या माझी सून तसं कळवेल. बक्षीस आता न्हाई."

"मग ही शाल..." तोडकर हातातल्या शालीकडे बघत म्हणाले. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

पण आप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते पटाकडे वळून उभे होते. "काल दिवसभर मी बसून हे ताडून बघितलं," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा त्याचं एक प्यादं कमी आहे. म्हणजे माझ्याहून चांगली केलीया त्यानं. त्या सगळ्या संग्रहात त्याच्या नावावर ही एकच आहे. कुठलं ते गाव, कसलं असेल, काय करत असेल... त्याच्याही डोक्यात हेच आलं. राजा मागं घ्यायचा." त्यांनी पांढऱ्या राजावर बोट ठेवलं. "मला आयुष्यभर वाटत होतं की हे एवढं एकच डोकं असं बिघडून जन्माला आलंय."

ते हसत होते. मी लग्न होऊन आल्यापासून आप्पांना इतकं खूश बघितलं नव्हतं, बक्षिसाच्या दिवशीसुद्धा नाही. काल भूक नाही म्हणाले ते खरंच होतं. मी उगाच रडले होते.

तोडकर अजून शाल धरून उभेच होते. तेवढ्यात सासूबाई पहिल्या रांगेतून उठल्या. चारचौघांत त्या कधी मोठ्याने बोलायच्या नाहीत. "घाला हो अंगावर त्यांच्या," त्या म्हणाल्या. "कालपासनं उपाशी आहे तो माणूस."

टाळ्या वाजल्या. त्यानंतर कितीतरी वेळ लोक पटाभोवती गर्दी करून होते आणि आप्पा राजा पुढे घेऊन, मागे घेऊन दाखवत होते. तोडकर दर वेळी नव्याने "आयला" म्हणत होते.

परतताना रिक्षात सासूबाई मध्ये बसल्या होत्या, मांडीवर नारळ. आप्पा शाल पांघरून बाहेर बघत होते. माग बंद होते, रविवार होता, त्यामुळे गल्ल्या शांत होत्या.

"त्रिशला," आप्पा अचानक म्हणाले, "त्या ताम्मेला कुणी होतं काय गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे घरात. बनवलेलं दाखवायला."

त्याचं नाव, देश आणि साल याच्यापलीकडे मला काहीच माहीत नव्हतं. पण आप्पा बाहेर बघायचं सोडून माझ्याकडे बघत होते, अगदी खविसाचा निकाल विचारताना बघायचे तसे.

"असणार, आप्पा," मी म्हटलं. "छापायला पाठवली ना त्याने? असली माणसं आपणहून कधी पाठवत नाहीत. कुणीतरी मागे लागलेलं असणारच."

आप्पांनी यावर पुष्कळ विचार केला. रिक्षा आमच्या गल्लीत वळली तेव्हा कुठे ते बोलले.

"मग बरं," ते म्हणाले.